तबिथानं मान वर करावी म्हणून

पेन्रीसाहेबांनी उशीचा एक अभ्रा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "इद्वाल, बारा आठवडे. हिला सांभाळ."

अभ्रा हलला.

मी छत्तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे काढली आहेत. गावात मला इद्वाल पोस्ट म्हणूनच ओळखतात. हलणारी वस्तू या हातांतून गेलीच नाही असं नाही. एकदा जिवंत मधमाश्यांचं पार्सल आलं होतं. पण त्याला पावती होती. इथे पावती नव्हती. दारात फक्त आमच्या चॅपेलचे पाळक उभे होते, काठीवर रेलून, आणि बाहेर त्यांना खुब्याच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात नेणारी गाडी.

"आत कोण आहे?" मी विचारलं. खरं म्हणजे "काय आहे" असं विचारायचं. पण पाळकांसमोर तोंडातून आदरच बाहेर पडतो.

"तबिथा," ते म्हणाले.

तबिथा साडेचार फूट लांब, नारिंगी रंगाची, मक्याच्या कोठारात उंदरांच्या मागे राहणाऱ्या जातीची बिनविषारी सापीण. पाळकांकडे साप कसा, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. माझ्याही आला होता. पाळकांना असले प्रश्न विचारायचे नसतात.

"हिची पेटी लहान आहे," ते म्हणाले. "जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी मला झापलं. म्हणाल्या, ही साबणाच्या वडीची डबी आहे, घर नव्हे. हिला अंग पूर्ण ताणता यायला हवं. एक टोक उबदार, एक थंड. लपायला जागा. मी केलं असतं, पण मला खुबा नाही. तुझे दोन्ही शाबूत आहेत."

मग त्यांनी आवाज खाली आणून जे सांगितलं, ते ऐकून माझे शाबूत खुबेसुद्धा डळमळले.

त्यासाठी आमच्या प्रवचनाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, आणि तुम्ही अडवलं नाहीत तर दोनशे सांगेन. आमच्याकडे पाळक बोलायला लागतो ते साधं, बाजारभाव सांगावेत तसं. मग एखाद्या वाक्याशी आवाज जरा उचलतो. शब्द सुरावर तरंगायला लागतात. आणि बघता बघता माणूस बोलायचा थांबून गायला लागलेला असतो, आणि तुमच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलेलं असतं. याला आम्ही हुइल म्हणतो. शिडालाही तेच नाव आहे, कारण त्यात वारा भरतो. वारा कुठून येतो हे ठाऊक असल्यामुळे आम्ही विचारत नाही. असे गाणारे पाळक आता उरले नाहीत. हल्लीचे भिंतीवर चित्रं दाखवतात. पेन्रीसाहेब आमच्या खोऱ्यातले शेवटचे.

"नऊ वर्षं दर शुक्रवारी मी प्रवचन तिच्यासमोर म्हणून बघतो," ते म्हणाले. "सापाला बाहेरून कान नसतात, इद्वाल. ती जबड्याच्या हाडानं ऐकते, जमिनीतून. वारा भरला की ती मान वर करते. नाही केली, तर मी कागद फाडतो आणि पुन्हा लिहितो."

म्हणजे नऊ वर्षं मी ज्या ज्या जागी रुमाल काढत होतो, ती प्रत्येक जागा आधी एका सापानं पसंत केलेली होती. यात माझा अपमान आहे की सृष्टीचा गौरव, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

"जूनमध्ये प्रवचनांची मोठी सभा आहे," पेन्रीसाहेब गाडीत बसता बसता म्हणाले. "ती नीट असली तर मी नीट असेन."

बायकोनं, नेस्टानं, अभ्रा पाहिला, तो हलला तेही पाहिलं. "समोरच्या खोलीत नाही," ती म्हणाली. आमच्या गावात समोरची खोली प्रेतासाठी आणि पाळकांसाठी राखलेली असते. एरवी तिथे कोणी बसत नाही.

"पाळकांचीच आहे," मी म्हणालो.

नेस्टानं थोडा विचार केला. "मग पडदे धुवायला हवेत."

आमचं घर एका गृहसंस्थेचं, भाड्याचं. पाळीव प्राण्यासाठी परवानगी लागते. मी अर्ज मागवला. अर्ज म्हटला की मला अजून घरच्यासारखं वाटतं. पट्ट्याचा रंग, भुंकण्याच्या वेळा, केस गळतात का. मी अकरा ठिकाणी "लागू नाही" असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. अर्ज परत आला. "लागू नाही" का लागू होत नाही, याची कारणं जोडावीत. मी फोन केला.

"दिवसातून किती वेळा फिरवणार, सर?" पलीकडच्या बाईंनी विचारलं.

"तिला पाय नाहीत."

जरा वेळ कागदांची सळसळ. मग आवाज फार मऊ झाला. "अपंग प्राण्यांसाठी वेगळा अर्ज आहे, सर. तो लवकर मंजूर होतो."

तो खरंच लवकर मंजूर झाला. सोबत दाराशी उतरण बांधून देऊ का, अशी विचारणाही होती.

आता घर. गेल्या वर्षी चॅपेलचा वरचा सज्जा धोक्याचा ठरला म्हणून तिथली बाकं काढली होती. पिच-पाइनचं लाकूड, मधासारखा रंग, पणजोबांच्या पिढीनं खाणीतून सुटल्यावर बसून बसून गुळगुळीत केलेलं. ते मागच्या खोलीत रचून ठेवलं होतं. पाळकांच्या तबिथाला याहून योग्य लाकूड कुठलं? मी समितीपुढे ठराव मांडला. मीच चिटणीस असल्यामुळे तो लिहूनही घेतला.

कॅडवालडरबाईंनी चष्मा काढला. या एक्क्याऐंशी वर्षांच्या. साठ वर्षं त्यांनी रविवारची शाळा चालवली, आणि समितीतल्या प्रत्येकाला कधी ना कधी कोपऱ्यात उभं केलेलं आहे.

"एदेनच्या बागेत सापानं काय केलं, इद्वाल?"

"बाई, मोशेनं अरण्यात सापच उंच केला होता, आणि लोक बरे झाले."

"तो पितळेचा होता. पितळेच्या सापाला मी बाक देईन."

एक तास चाळीस मिनिटं हे चाललं. शेवटी लाकूड "पाळकांच्या आश्रिताच्या निवाऱ्यासाठी" द्यावं, असा ठराव चार विरुद्ध एक मतांनी संमत झाला. सर्प हा शब्द इतिवृत्तात येऊ नये, अशी बाईंची अट होती. म्हणून आश्रित.

सुतारकाम मी पूर्वी केलेलं नाही. पण पार्सलं बांधली आहेत, आणि पेटी म्हणजे न बांधलेलं पार्सलच. तीन आठवडे लागले; तोवर तबिथा पाळकांकडून आणलेल्या जुन्या पेटीत नीट खात-पीत होती. पाच फूट लांब, दोन फूट रुंद, पुढे काच, आणि एका टोकाला बाकाचं जुनं दार, चौदा नंबरच्या पितळी बिल्ल्यासकट. शेजारच्या ट्रेफरनं कुंपणावरून सगळं पाहिलं. ट्रेफर पाटी: पन्नास वर्षं खाणीत पाटीचा दगड चिरलेला माणूस. चॅपेलमध्ये लग्नाला आला होता, तेवढाच.

"इद्वाल बाख," तो म्हणाला. बाख हे आमच्याकडे लाडानंही लावतात आणि लाज काढायलाही. "ही शवपेटी कुणाची? बारीक होता बिचारा."

मी पेटी समोरच्या खोलीत नेली. आत दिवा लावला, तापमान राखणारं यंत्र जोडलं, तबिथाला सोडलं. लाकूड तापलं आणि वास सुटला. काय सांगू तुम्हाला. जूनमधल्या सभेच्या दुपारी, आठशे माणसं दाटलेली, खिडक्या बंद, बाकांची राळ उन्हानं सुटलेली, तो वास. मी खुर्ची ओढून बसलो आणि डोळे मिटले. मला वाटलं, हिला घरी आल्यासारखं वाटत असेल.

तिला वाटलं नाही. ती सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात गेली आणि नाक काचेच्या फटीला लावून बसली. नेस्टाच्या बर्फाच्या कप्प्यात, वाटाण्यांच्या शेजारी, तिच्यासाठी गोठवलेले उंदीर होते. एक कोमट करून पुढे ठेवला. तोंड फिरवलं. दुसऱ्या आठवड्यातही फिरवलं. पाचव्या आठवड्यात तिच्या श्वासाला बारीक शिटी यायला लागली आणि तोंड जरासं उघडं राहायला लागलं. भिंतींवर राळेचे सोनेरी थेंब आले होते. ते मला फार सुंदर वाटत होते, हे आज कबूल करताना मान खाली जाते.

तालुक्याच्या गावी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी आधी तिला हुंगलं, मग मला.

"लाकूड कुठलं?"

"पिच-पाइन. चॅपेलचं."

"मिस्टर पॅरी, तुम्ही हिला टर्पेंटाइनच्या बाटलीत ठेवलंय. तापलेली राळ सापाच्या फुप्फुसाला सोसत नाही."

"शंभर वर्षं त्यावर प्रार्थना झाल्या आहेत."

"झाल्या असतील. तिला श्वास घेता येत नाहीये."

त्यांनी सुई टोचली, आणखी चार घरी कशा टोचायच्या ते मला शिकवलं, आणि बजावलं: तूर्त जुन्या पेटीत, मोकळ्या हवेत. मग काच आणि दगड, वास नसलेलं काहीही. लपायची जागा अशी अरुंद, की चारी बाजूंनी अंगाला टेकेल. सापाला मोठेपणा नको असतो, आधार हवा असतो. येताना गाडीत अभ्रा मांडीवर घेऊन मी बसलो होतो. माझ्या भक्तीनं मी एक जीव गुदमरवत होतो, पाच आठवडे, डोळे मिटून.

कुंपणावर ट्रेफर होताच. या वेळी तो हसला नाही.

"दगड हवा तर हॉलमध्ये चल," तो म्हणाला. "बिलियर्डचं टेबल मोडतायत. खाली पाटीचा अखंड तुकडा आहे, बोटभर जाड. दिव्याखाली ठेवलास तर ऊब धरून ठेवेल."

इथे मला एक गोष्ट सांगणं भाग आहे. खाणकामगारांचा तो बिलियर्ड हॉल रविवारी बंद ठेवावा म्हणून चॅपेलनं एकदा विनंतीअर्ज केला होता. मसुदा माझा, पहिली सही माझी. हॉल बंद झाला नाही, आणि मी जन्मात त्यात पाऊल टाकलं नाही. आता टाकलं. समोरच्या भिंतीवर, खडूच्या फळीच्या वर, माझा अर्ज चौकट करून लावलेला होता.

"रोज वाचतो आम्ही," ट्रेफर म्हणाला. "अक्षर छान आहे तुझं."

मग त्यानं खिशातून चिरायची छिन्नी काढली आणि तिच्या मुठीनं टेबलाच्या दगडावर टक् केलं. दगड वाजला. लांब, स्वच्छ, घंटेसारखा. ट्रेफर ऐकत राहिला, ते संपेपर्यंत.

"चांगला दगड गातो," तो म्हणाला. "मुका असला तर आत भेग असते. आम्ही आधी ऐकतो, मग चिरतो."

पन्नास वर्षं मी ज्याला धर्महीन समजत होतो, तो माणूस दगडात सूर ऐकत उभा होता, चॅपेलमध्ये मी उभा राहतो तसाच.

ट्रेफरनं दगड कापला: मोठा भाग तबिथाची जमीन, उरलेला माझ्या बोळात, जिथे मी रोज त्यावर नडगी आपटून घेतली. हॉलमधल्या बक्षिसांच्या कपाटाच्या काचा भिंतींना मिळाल्या. मोठा तुकडा चार माणसांनी उचलला. वरचं हिरवं कापड अजून काढलं नव्हतं. मी टोपी काढून घाम पुसत पुढे चाललो होतो.

आता तुम्हीच डोळ्यासमोर आणा. पाटीची शिळा, वर कापड, चार माणसं हळू पावलं टाकतायत, पुढे चॅपेलचा चिटणीस बोडक्यानं, आणि वरात शिरते आहे घराच्या समोरच्या खोलीत. आमच्या गावात शिळा म्हणजे एकच, थडग्याची. रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे पडदे एकामागून एक खाली आले.

संध्याकाळपर्यंत दारात अकरा बारा ब्रिथ होते. यातला बारा हा आकडा नव्हे, नावच बारा ब्रिथ; चहात भिजवलेल्या मनुकांचा हा पाव आम्ही सुतकाच्या घरी नेतो. बाराव्याबरोबर कॅडवालडरबाई आल्या, काळ्या कपड्यांत.

"ऑपरेशन सोसलं नाही का त्यांना?"

"कोण?"

"पेन्रीसाहेब. इद्वाल, माझ्यापासून लपवू नकोस. शिळा मी पाहिली."

मी समजावेपर्यंत बातमी खोऱ्याच्या टोकाला पोचली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"इद्वाल," पेन्रीसाहेब म्हणाले, "मी वारलो असं कळलं."

"हो, साहेब. म्हणजे, नाही."

"लोकांना वाईट वाटलं का?"

"बारा बारा ब्रिथ आले."

"आधीच्या पाळकांना सात आले होते," ते म्हणाले. आवाजात समाधान होतं. पण तो आवाजच तो नव्हता. पातळ झाला होता, धुतलेल्या शर्टासारखा. "इस्पितळातून बहिणीकडे आलोय. काल प्रवचन म्हणून बघितलं. वारा नाही, इद्वाल. गळा आहे, शब्द आहेत, वारा नाही. लोक फारसे चुकले नाहीत. सभेला दुसरा माणूस बघ." मग, "तबिथा कशी आहे?"

मला खोटं बोलता आलं असतं. "सहा आठवडे खाल्लं नाही, साहेब. चूक माझी आहे."

"मग तिलाही कळलंय," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

मी दुसरा माणूस बघितला नाही. चिटणीस म्हणून हा कसूर आहे, मला मान्य आहे. मी तबिथाला नव्या घरात सोडलं. ट्रेफरनं पातळ पाट्या चिरून तीन बिळं करून दिली होती, एक उबेत, एक गारव्यात, तिसऱ्यात ओलं शेवाळ. ती गारव्यातल्या बिळात शिरली, अंगाचं वेटोळं चारी भिंतींना टेकलं, आणि तिनं सुस्कारा सोडला. सापाला सुस्कारा येतो की नाही, मला ठाऊक नाही. नेस्टानं सोडला असेल.

शिटी थांबली. पण आठवड्यानं तिचे डोळे दुधासारखे निळसर झाले. मला वाटलं, आता आंधळी झाली. चार दिवसांनी दुपारी कॅडवालडरबाई आपली पावाची थाळी परत न्यायला आल्या.

"ते लाकूड," त्या बसता बसता म्हणाल्या, "तू समितीला परत केलंस, आभारासह. ते परत घ्यायच्या ठरावाची मी वाट पाहत होते. आश्रित कुठे आहे?"

आश्रित शेवाळातून बाहेर येत होता. डोळे पुन्हा स्वच्छ झाले होते. तिनं ओठ दगडाच्या कडेला घासला, एकदा, दोनदा. ओठाशी पांढरी कड सुटली. मग ती पुढे सरकायला लागली, आणि मागे राहायला लागली. याहून सोपं मला सांगता येत नाही. ती स्वतःतून बाहेर येत होती. जुनं अंग उलटं होत, कागदासारखं कुरकुरत दगडावर पसरत होतं, आणि त्यातून नारिंगी रंग निघत होता, नुकता निर्माण केल्यासारखा, ओला, कुणी अजून हात न लावलेला. डोळ्यांवरच्या पापुद्र्यांसकट, शेपटीच्या टोकासकट, अखंड. वीस मिनिटं लागली. आम्ही कुणी श्वास मोठ्यानं घेतला नाही. नेस्टा दारात चहाचा ट्रे धरून उभीच होती.

कॅडवालडरबाईंनी चष्मा पुसला. "मोजा काढावा तसं," त्या हळू म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मी माझी एक्क्याऐंशी वर्षं घालून बसलेय."

संध्याकाळी तबिथानं उंदीर खाल्ला. बाईंनी तोही पाहिला, आणि दुसरा आहे का, असं विचारलं.

सभेच्या आदल्या दिवशी पेन्रीसाहेब आले, कुबड्यांवर, तिला न्यायला. वाळलेली कात नेस्टानं शेल्फावर लांब अंथरून ठेवली होती. त्या कातीला बोट लावून ते तबिथाच्या नव्या घराकडे वळले. तबिथा दिव्याच्या टोकाला दगडावर हनुवटी टेकून पडली होती.

"एकदा म्हणून बघा," मी म्हणालो.

"वारा नाही, इद्वाल."

"तिला ठरवू द्या."

त्यांनी सुरुवात केली. पातळ आवाज. ती हलली नाही. ते चढले, मी रुमालाला हात घातला, पण तो निव्वळ मैत्रीनं. ती हलली नाही. ते थांबले. "बरोबर आहे तिचं," म्हणाले.

"त्या गालिच्यावरून उतरा," तबिथाला निरोप द्यायला आलेल्या कॅडवालडरबाई दारातून म्हणाल्या. रविवारच्या शाळेतला आवाज. "बूट काढा. फळ्यांवर उभे राहा. आणि असं लोकांनी ऐकावं म्हणून नका म्हणू."

पेन्रीसाहेबांनी बूट काढले, आणि मीही. खाली बघून, तबिथाशी बोलावं तसे, त्या मेलेल्या बाईची गोष्ट सांगायला लागले, जिच्या उशाशी बायका तिनं शिवलेले कपडे दाखवून रडत होत्या, आणि जिला कुणीतरी नुसतं नावानं हाक मारून ऊठ म्हटलं. ही गोष्ट मी चाळीसदा ऐकली आहे. त्या नावापर्यंत, 'तबिथा, ऊठ'पर्यंत आले, आणि आवाज उचलला गेला. त्यांनी उचलला नाही. तो उचलला गेला. जमिनीच्या फळ्या माझ्या मोज्यांखाली गुणगुणायला लागल्या. बिलियर्डचा दगड फळ्यांवर टेकलेला होता, आणि तो ट्रेफर म्हणाला तसा गायला लागला असावा, कारण तबिथाची हनुवटी दगडावरून सुटली, आणि ती वर आली, वर आली, वीतभर, दोन वीत, आणि तिथेच थांबली, थरथरत, त्यांच्याकडे बघत.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आमच्याकडे वाजवत नाहीत.

"चहा थंड झाला," नेस्टा म्हणाली, आणि डोळे पुसायला आत गेली.

त्याच संध्याकाळी समितीची तातडीची बैठक झाली. बोळात पडलेला बिलियर्डचा उरलेला दगड व्यासपीठात पाळकांच्या पायांखाली बसवावा, असा ठराव मी मांडला. दगड कुठून आला हे इतिवृत्तात यावं की नाही, असं मी विचारलं. "यावं," अनुमोदन देताना कॅडवालडरबाई म्हणाल्या. "आणि सर्प हा शब्दही यावा."

ट्रेफरनं दगड सकाळी बसवला. तो घरी जाईल असं मला वाटलं होतं. तो मागच्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसला. पेन्रीसाहेब मोज्यांवर दगडावर उभे राहिले आणि बाजारभाव सांगावेत तसे बोलायला लागले. मी डीकनांच्या, म्हणजे चॅपेलच्या कारभाऱ्यांच्या बाकावर, लोकांकडे तोंड करून बसलो होतो. रुमाल तयार होता. मग ती जागा आली, पावलांखाली फळ्या गुणगुणल्या, आणि मी रुमाल विसरलो. कारण समोर बाकाबाकांतून, पुढच्या रांगेतल्या कॅडवालडरबाईंपासून शेवटच्या ट्रेफरपर्यंत, हनुवट्या एकेक करून, अगदी सावकाश, वर यायला लागल्या होत्या. माझीही आलेली होती.